पान दोनशे बाराची तळटीप

४ फेब्रुवारी

ठके,

पत्रावर आशीर्वाद लिहिला तर तू तिथूनच घडी घालून ठेवशील, म्हणून लिहीत नाही. मनातल्या मनात दिलाय, तो काही तुला परत पाठवता येणार नाही. आता कामाचं बोलते.

तुझे बाबा जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हा कुठे प्रकाशकांना त्यांची आठवण झाली. थोरले मालक गेले, आता पुतण्या बघतो सगळं. बाबांची सहाच्या सहा पुस्तकं पुन्हा छापायची म्हणतो, एका खोक्यात घालून. तीन मध्ययुगाच्या इतिहासाची आणि तीन त्या यानाबिनांच्या गोष्टींची. गोष्टी टोपणनावाने लिहिल्या होत्या, ते नाव आता उडवायचं आणि सगळ्यांवर खरं नाव घालायचं. हे असते तर थयथयाट केला असता. इतिहासकार माणूस रॉकेटं उडवतो हे कळलं तर विद्वान मंडळी दारात उभं करणार नाहीत, ही धास्ती त्यांना जन्मभर होती. ती विद्वान मंडळी एकेक करून वर गेली, त्यामुळे आता घाबरायला कुणी उरलं नाही.

परवा मी त्या गोष्टी चाळल्या. अगं, काय एकेक! शुक्रावर दलदल आहे, तिथली माणसं शेवाळ खातात आणि शुद्ध पुस्तकी भाषेत बोलतात. यंत्रमेंदू तीन मजली, त्याला प्रश्न विचारायचा तर शिडी लावून वर चढायचं. यानाचा कप्तान उड्डाणाच्या आधी खिडक्या लावून घेतो. मी पुतण्याला म्हटलं, लोक हसतील. तर म्हणतो, "काकू, हसायलाच घेतील. जुन्याची फॅशन आहे सध्या." म्हटलं, बरं बाबा, आमच्या तरुणपणाची फॅशन झाली, हेही बघायचं राहिलं होतं.

सोबत संमतीचा फॉर्म आहे. वारस आपण दोघी, तेव्हा दोघींच्या सह्या लागतात. खूण केली आहे तिथे सही करून पाठव. मजकूर आहे तसाच छापायचा आहे, कानामात्रेचा फरक नाही, त्यामुळे तुला वाचत बसायची गरज नाही. मागचं काही उकरायचं नाहीये. मलाही हौस नाही. एकोणीस वर्षं झाली, माणूस गेला, आता पुस्तकं तरी सुखाने राहू देत.

गुडघा दुखतो, बाकी ठीक. तुझं कसं चाललंय असं विचारलं तर उत्तर येणार नाही, म्हणून विचारत नाही.

आई

१९ फेब्रुवारी

ठके,

फॉर्म मिळाला. कोरा. वर टाचणीने लावलेली चिठ्ठी, "पान २१२ची तळटीप तशीच राहणार का?" एकोणीस वर्षांत आईला पहिल्यांदा काही लिहिलंस, आणि त्यात सहा शब्द. मोजले मी.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तशीच राहणार का म्हणे! हो, तशीच राहणार. तिसऱ्या आवृत्तीत होती तशी. वेढ्याचं पुस्तक साडेचारशे पानांचं, सात महिने एका शहराने कसे काढले त्याचा सगळा इतिहास त्यात, त्यावर माणसाची अकरा वर्षं गेली, आणि तुला दिसतात त्या तळाच्या दोन ओळी. "या पत्राचा मूळ कागद लेखकाने अभ्यासासाठी आपल्या कन्येकडे सोपवला असता तिच्या हातून गहाळ झाला." झालं. तुझं नाव आहे का त्यात? नाही. कन्या म्हटलंय नुसतं. आणि तळटिपा वाचतं कोण?

लोक वाचतात ते वरचं पत्र. पहारेकऱ्याच्या बायकोचं. नवरा तटावर अडकलाय, ही घरात दोन मुलं घेऊन बसलीय आणि त्याला लिहितेय. "पीठ संपलं ते मुलांना सांगितलेलं नाही. संध्याकाळी रिकामं जातं फिरवते. आवाज ऐकला की ती निजतात." शाळेतल्या मास्तरणी वर्गात हे वाचताना रडायच्या. यांना मानाचं पारितोषिक मिळालं, ते समितीने या एका पानासाठी दिलं असं भाषणात सांगितलं होतं. तूसुद्धा त्याच पानाच्या जोरावर प्रबंध लिहायला निघालीस ना? वेढ्यातल्या बायका. विषय चांगला होता, मी तेव्हाही म्हटलं होतं.

दोन वर्षं दप्तरखान्यात धूळ खाल्लीस आणि पत्र काही मिळालं नाही. नाही मिळालं तर बापाला घरात बाजूला घेऊन विचारायचं. तू कधी विचारलंस? तुझे मार्गदर्शक जेवायला आलेले असताना, चारचौघांत. "बाबा, तुम्ही गठ्ठा सात लिहिलंय. गठ्ठा सात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचला. त्यात असा कागद नाही, कधी नव्हताच." हे काय जेवताना बोलायचं असतं? यांच्यासारख्या माणसाला भर पंगतीत खोटं ठरवल्यावर ते गप्प बसतील असं तुला वाटलं तरी कसं! ते म्हणाले की दप्तरखान्याच्या जुन्या कारकुनाकडून तो कागद त्यांनी घरी आणला होता आणि तुला वाचायला दिला होता. कारकून तोवर वारला होता. तू उठून गेलीस. पुढचं तुला माहीत आहे.

कागद कुठे गेला ते देव जाणे. आपण तीन घरं बदलली. दर वेळी काही ना काही हरवलंच. सही करून पाठव, हात जोडते.

आई

७ मार्च

ठके,

तू फॉर्म पाठवला नाहीस. इथे मात्र एक घोळ झालाय आणि तो तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाहीये.

प्रकाशकाकडे डीटीपी करणाऱ्या एक बाई आहेत. पन्नाशीच्या, जाड चष्मा, तोंडात कायम लवंग. जुनी पुस्तकं समोर ठेवून सगळा मजकूर त्याच पुन्हा टाइप करतात आणि प्रुफं माझ्याकडे येतात. सोमवारी स्वतः आल्या. गठ्ठा टेबलावर ठेवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई, एक विचारू? पहारेकऱ्याच्या बायकोचं पत्र मी गेल्या महिन्यात वेढ्याच्या पुस्तकात टाइप केलं. काल घड्याळजीच्या गोष्टीत तेच पुन्हा आलं. मला वाटलं पानं सरकली. म्हणून पुस्तक उघडून बघितलं, तर तसंच छापलेलं. हे दोन्हीकडे कसं?"

घड्याळजीची गोष्ट तू वाचलेली नसशील. एका मासिकात आली होती, मग टोपणनावाच्या पुस्तकात. एक घड्याळजी आहे, त्याच्या दुकानातलं एक घड्याळ उलटं चालतं, आणि तो त्याच्या मागोमाग जाऊन थेट वेढा पडलेल्या शहरात पोचतो. तिथे त्याला पहारेकऱ्याची बायको भेटते. ती नवऱ्याला पत्र लिहिते. तेच पत्र. शब्दाला शब्द.

मी बाईंना सांगितलं, इतिहासातलं खरं पत्र त्यांनी गोष्टीत वापरलं, लेखक करतात असं. त्या बरं म्हणाल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पण बाई, गोष्ट मासिकात आधी आलीय. खाली महिना-वर्ष आहे. इतिहास त्यानंतर चौदा महिन्यांनी." एवढी वर्षं मोठमोठ्या प्राध्यापकांना जे दिसलं नाही ते या बाईला एका दुपारी दिसलं. दोन्ही पुस्तकं एकाच माणसाने आजवर वाचलीच नव्हती, दुसरं काय. इतिहासवाले रॉकेटं वाचत नाहीत आणि रॉकेटवाले तळटिपा वाचत नाहीत.

पुतण्याला सांगावं लागलं. तो म्हणाला, "काकू, सोपं आहे. घड्याळजीची गोष्ट काढून टाकू. कुणाला कळतंय?"

मी हो म्हटलं.

ठके, मी हो म्हटलं. आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तो कागद तू हरवला नाहीस. तो कागद नव्हताच. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

आई

८ मार्च

ठके,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईस्तोवर पस्तावले. कुणाला दाखवू नकोस. वाचून फाडून टाक. मी म्हातारी झालेय, काहीही लिहिते.

आई

११ मार्च

ठके,

फाडू नकोस.

काल पुतण्याने मांडणी बघायला बोलावलं. कोपऱ्यावरून जिना चढून दुसऱ्या मजल्यावर, तीच ती जागा, फक्त छपाईच्या खिळ्यांची कपाटं होती तिथे आता काचेच्या केबिनी झाल्यात. मला खुर्ची दिली, चहा दिला, कागदी पेल्यात. नव्या आवृत्तीला संपादक नेमलाय, एक प्राध्यापक. फार हुशार आहे म्हणे. त्याने प्रत्येक तळटीप "अद्ययावत" केलीय. पान दोनशे बारावर मी बोट ठेवलं. आता तिथे दोन ओळींच्या जागी सहा ओळी आहेत. संशोधन अर्धवट सोडलेल्या कन्येच्या निष्काळजीपणामुळे हा अमोल कागद कायमचा नष्ट झाला, वगैरे. आणि कन्येपुढे तुझं नाव. पूर्ण. तुझं, बापाचं, आडनाव, सगळं.

त्या माणसाने तीन इतिहास लिहिले. पहिला स्वतःच्या गुरुजींना अर्पण केला, दुसरा थोरल्या मालकांना, तिसरा वेढ्यात मेलेल्या अनाम शिपायांना. मी एकदा म्हटलं होतं, एखादं लेकीला करा. म्हणाले, पुढचं करू. आणि तुझं नाव बापाच्या पुस्तकात आलं ते असं आलं. मी चहा तिथेच ठेवला आणि उठले. पुतण्या म्हणत होता, "काकू, काय झालं, बीपी वाढलं का?"

आता नीट सांगते. तुझ्या बाबांची लिहायची तऱ्हा तुला माहीत आहे. वापरलेल्या कागदांच्या पाठीवर लिहायचे, अर्ध्या अर्ध्या तावावर, आणि पानांना आकडे घालायचे नाहीत. कारण प्रकरणं शेवटपर्यंत मागेपुढे करायची असायची. सकाळी इतिहास, दुपारनंतर गोष्टी. पुराव्यात जे बसेना ते गोष्टीत जायचं. आणि अक्षर असं की छापखाना हात जोडायचा. ते अक्षर जगात एका माणसाला लागायचं, ते म्हणजे मला. सगळी नक्कल मी करायची, आकडे मी घालायचे, प्रुफंही मीच वाचायची. ते छापलेलं पुस्तक हातात आल्यावरच बघायचे.

तू आठ महिन्यांची होतीस. मी जमिनीवर बसून नक्कल करायचे, एकीकडे इतिहासाचा ढीग, दुसरीकडे गोष्टींचा, मध्ये तू रांगतेयस. मासिकाची नक्कल होऊन गेली होती, ते कागद तिथेच पडलेले. वेढ्याचं नववं प्रकरण करत होते. त्यात ते चार अर्धे ताव आले. तेच शहर, तोच वेढा, तीच शाई. मी उतरवले. ढीग तू ओढलास की माझाच हात चुकला, मला खरंच आठवत नाही. बघ, इथेही मी तुझ्यावरच ढकलतेय. तुझा काही संबंध नाही. माझा हात चुकला.

पुस्तक आलं. आठवड्यात पहिलं परीक्षण आलं आणि त्यात या पत्राची अशी काही वाहवा की यांनी पान उघडून पाहिलं. मला हाक मारली. मी पान पाहिलं आणि चूक ओळखली. मी रडायला लागले, म्हटलं, शुद्धिपत्र लावूया, आजच्या आज थोरल्या मालकांना सांगूया. ते पान पुन्हा एकदा वाचून हसले. म्हणाले, "राहू दे. पुस्तकात हेच एक पान जिवंत झालंय." दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कुणीतरी विचारलं, हे पत्र कुठलं? तेव्हा "दप्तरखाना, गठ्ठा सात" ही टीप यांनी तोंडी सांगितली आणि मी लिहिली. सातच का, म्हणून विचारलं. म्हणाले, सातवा सगळ्यात जाड आहे, कोण बघतंय.

तू बघितलास. तू तीनदा बघितलास.

आता जे अजून कुणालाच सांगितलेलं नाही ते. घड्याळजीची गोष्ट लिहिताना हे अडले होते. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घरात पीठ नाही, मुलं भुकेली, बाई काय करील गं?" मी म्हटलं, "जातं फिरवील. आवाजाने तरी निजतील." ते तसेच मागे गेले आणि लिहिलं. ती ओळ माझी आहे, ठके. मी आयुष्यभर दुसऱ्याचं उतरवलं, त्यात माझी म्हणून ही एक ओळ. मास्तरणी रडायच्या ते माझ्या ओळीला. पारितोषिकाच्या दिवशी हे व्यासपीठावर बसले होते आणि अध्यक्षांनी ती ओळ वाचली, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसून पदर तोंडात धरला होता. मला सुख झालं होतं. शुद्धिपत्र लावलं असतं तर ती इतिहासातून उठून त्या शेवाळ खाणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसली असती. म्हणून मी नंतर कधी शुद्धिपत्राचं नाव काढलं नाही. लोकांना वाटतं मी नवऱ्याच्या धाकाने गप्प बसले. तुलाही तेच वाटत असेल. धाक होता, पण तेवढाच नव्हता.

त्या दिवशी जेवताना तू गठ्ठा सात म्हणालीस आणि माझ्याकडे बघितलंस. बाबांकडे नाही, माझ्याकडे. तुला माहीत होतं की सगळं माझ्या हाताखालून जातं. मी काय म्हणाले? "जेवण गार होतंय." आठवड्याने विद्यापीठाला आणि दप्तरखान्याला पत्रं गेली, की माझ्या मुलीने अनमोल कागद हरवला, तिला यापुढे मूळ कागद हाताळू देऊ नयेत. यांच्या अक्षरात ती पाठवून उपयोग नव्हता, कुणाला लागलं नसतं. ती मी लिहिली. दोन्ही. स्वच्छ, ठळक अक्षरात, दोन प्रती ठेवून. तुझं दप्तरखान्याचं कार्ड रद्द झालं, मार्गदर्शकांनी हात झटकले, आणि तू बॅग भरून गेलीस तेव्हा मी प्रवासात खायचं बांधून द्यायला पुढे आले होते. तू घेतलं नाहीस. मला तेव्हा तुझाच राग आला होता.

आता तू रुग्णालयाच्या नोंदींच्या खोलीत आहेस असं तुझी आतेबहीण म्हणत होती. लाखो कागद तुझ्या ताब्यात आणि एकही इकडचा तिकडे होत नाही म्हणे. ती कौतुकाने सांगत होती. मी मान हलवली आणि आत जाऊन बसले.

आई

२ एप्रिल

ठके,

तू काही लिहिलं नाहीस. लिहिशील अशी आशाही नाही. पण काय केलं ते कळवते.

पुतण्याला सांगितलं, माझी सही हवी असेल तर घड्याळजीची गोष्ट आत राहील, आणि पान दोनशे बाराची तळटीप मी लिहीन. नाहीतर खोकं विसरा. तो आधी हसला, मग तापला. "काकू, सरांचं नाव मातीत घालताय तुम्ही!" म्हटलं, "सरांचं नाव मी माझ्या हाताने घडवलंय, अक्षर न् अक्षर. मातीत घालायचं की कशात, ते मी बघीन." त्यावर तो संपादक प्राध्यापक बोलला, या वयात स्मृतीवर विसंबून राहणं बरोबर नाही. मी त्याला म्हटलं, बाळा, तू ज्या कागदाबद्दल सहा ओळी लिहिल्यास तो कागद स्वप्नात तरी पाहिला होतास का? तो उठून गेला आणि संपादकपद सोडल्याचं पत्र पाठवलं. पत्र चांगल्या अक्षरात होतं.

चार दिवसांनी पुतण्याचा फोन आला. एकदम गोड. छापू म्हणतो. वाद झाला की पुस्तक चर्चेत राहतं, असं त्याला कुणीतरी समजावलेलं दिसतंय. म्हणजे तुझ्यावरचा आळ निघणार तो जाहिरातीच्या सोयीने. मला तेही चाललं. मी आता कुठे नाक वर करून बसणार!

विद्यापीठालाही लिहिलं. उत्तर आलं की तो विभाग दुसऱ्यात मिळवला गेला असून जुनी कागदपत्रं उपलब्ध नाहीत. तुझ्या मार्गदर्शकांचा नंबर मिळवून फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू द्या आता, वहिनी. तिचं बरं चाललंय ना?" मी फोन ठेवला. त्यांना तेव्हाही कुणी भांडणात ओढलेलं आवडायचं नाही.

तळटीप सात वेळा लिहिली. डीटीपीच्या बाईंनी लावून दिली, तिचं प्रूफ सोबत आहे. वाचायला सोपं जावं म्हणून इथेही उतरवते.

"या पानावरचे पत्र अस्सल नाही. ते याच लेखकाच्या घड्याळजीवरील विज्ञानकथेतले असून, हस्तलिखिताची नक्कल करताना माझ्याकडून नजरचुकीने या ग्रंथात आले. असा कागद कोणत्याही दप्तरखान्यात नव्हता. आमच्या मुलीच्या हातून मूळ कागद गहाळ झाला, हे विधान तिसऱ्या आवृत्तीत नजरचुकीने छापले गेले. लेखकाची पत्नी."

जात्याची ओळ माझी, हे मी लिहिलं नाही. मोह झाला होता. पाचव्या खर्ड्यात होतं, मग खोडलं.

तुला पटलं तर फॉर्मवर सही कर. घाई नाही, असं मी म्हणणार नाही. घाई आहे. मी शहात्तर वर्षांची आहे.

आई

२२ एप्रिल

ठके,

पाकीट पोचलं. फॉर्मवर तुझी सही आहे. चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा.

मग प्रूफ उघडलं. पहिलं "नजरचुकीने" तू तसंच ठेवलंयस. दुसऱ्यावर लाल रेघ मारलीयस आणि समासात काढून टाकायची खूण. बाकी कुठेही हात लावलेला नाही.

खोटं कशाला सांगू, आधी राग आला. म्हटलं, या वयात मी चारचौघांत स्वतःला उघडं पाडतेय, पुतण्याशी भांडले, मेलेल्या नवऱ्याला खोटं पाडलं, आणि हिला एक शब्द सोसवेना! पान टेबलावर टाकून आत गेले. कपडे घड्या करत बसले. घड्या झाल्या तेव्हा बाहेर येऊन पुन्हा वाचलं. जिथे मी चुकले होते तिथे तू चूक म्हणू दिलीस. जिथे चूक नव्हती तिथे नाही म्हणू दिलीस. तुला कुणी प्रबंध पुरा करू दिला असता तर तू फार चांगली इतिहासकार झाली असतीस.

डीटीपीच्या बाईंना फोन केला आणि शब्द काढायला सांगितला. त्यांनी तिथल्या तिथे काढला. म्हणाल्या, "बाई, ओळ सैल पडतेय. त्या जागी दुसरं काही घालायचंय का?"

मी सांगितलं काय घालायचं ते. त्यांनी टाइप केलं नाही. विचारलं, "नक्की ना, बाई? हे छापलं की मग काढता येणार नाही." म्हटलं, आत्ता घाला, उद्यापर्यंत मला पुन्हा काहीतरी सुचेल. मग कळफलकाचे आवाज आले आणि त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. मी ऐकलं आणि बरोबर आहे म्हटलं. पान आज दुपारी छापायला गेलं. आता ते वाक्य असं आहे.

"आमच्या मुलीच्या हातून मूळ कागद गहाळ झाला, हे आम्ही दोघांनी जाणूनबुजून छापले."

आई